हौशी बुद्धिबळ प्रोग्रॅमर आणि सोर्स कोडची खुली देवाणघेवाण : एक विवेचन

प्रस्तावना :

संगणकाने बुद्धिबळ खेळावे ही कल्पना विसाव्या शतकाच्या मध्यापासून अभ्यासकांना आकर्षित करीत आली आहे. क्लॉड शॅनन यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाने या विषयाची सैद्धांतिक पायाभरणी केली. पुढे घरगुती संगणक उपलब्ध झाले आणि हे क्षेत्र विद्यापीठे व प्रयोगशाळांपुरते मर्यादित राहिले नाही. नोकरी-व्यवसाय सांभाळून फावल्या वेळात बुद्धिबळाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या हौशी प्रोग्रॅमरांनी त्यात मोलाची भर घातली. अशा प्रोग्रॅमरसमोर एक प्रश्न हमखास उभा राहतो : अनेक वर्षांच्या परिश्रमातून सिद्ध झालेला सोर्स कोड सर्वांसाठी खुला करावा, की स्वतःजवळ राखून ठेवावा? या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

सोर्स कोडचे स्वरूप :

सोर्स कोड म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला व माणसाला वाचता येणारा मजकूर होय. वापरणाऱ्याच्या हाती सामान्यतः त्याचे यंत्रभाषेतील रूपांतर पडते व त्यातून मूळ रचना समजून घेणे अत्यंत कष्टाचे असते. बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमची प्रमुख अंगे तीन : नियमानुसार शक्य असलेल्या चाली शोधणे, त्या चालींचे पुढील परिणाम तपासणे आणि उद्भवणाऱ्या स्थितीचे गुणांकन करणे. यांपैकी मूलभूत पद्धती गुप्त नाहीत. निरुपयोगी चाली वगळणाऱ्या अल्फा-बीटा पद्धतीचे नूथ व मूर यांनी केलेले विश्लेषण १९७५ मध्येच प्रसिद्ध झाले होते. खरे कसब तपशिलात असते. प्याद्यांच्या रचनेला किती गुण द्यावेत, राजाच्या सुरक्षिततेला किती महत्त्व द्यावे, कोणत्या चालींचा विचार लवकर सोडून द्यावा, हे असंख्य चाचणी-डाव खेळवूनच ठरते. कोड खुला करताना प्रोग्रॅमर हेच संचित इतरांच्या हाती देत असतो.

गुप्ततेचा आग्रह आणि ‘फ्रूट’चे प्रकरण :

कोड राखून ठेवावा असे म्हणणाऱ्यांची भीती निराधार नाही. दुसऱ्याचा कोड घेऊन त्यात किरकोळ बदल करावेत, नवे नाव द्यावे व स्पर्धेत उतरावे, असे प्रकार घडले आहेत. त्यामुळे मूळ कर्त्याचे श्रेय हिरावले जाते आणि सर्व प्रोग्रॅम एकाच साच्याचे होऊन स्पर्धेतील वैविध्य उणावते.

या संदर्भात फ्रान्सच्या फाबियाँ लेतुझे यांच्या ‘फ्रूट’ या प्रोग्रॅमचे उदाहरण बोलके आहे. त्याची २.१ ही आवृत्ती २००५ मध्ये जीपीएल या परवान्याखाली खुली झाली. त्याच वर्षी रेक्याविक येथील जागतिक संगणक-बुद्धिबळ स्पर्धेत ‘फ्रूट’ने दुसरे स्थान मिळविले. २००५ च्या अखेरीस वासिक रायलिख यांचा ‘रिब्का’ हा प्रोग्रॅम अवतरला व त्याने लवकरच इतरांना मागे टाकले. ‘फ्रूट’चा बारकाईने अभ्यास केल्याचे रायलिख यांनी स्वतः सांगितले होते, कोडची नक्कल केल्याचा आरोप मात्र त्यांनी नाकारला. आयसीजीए या संगणक-क्रीडा क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संघटनेने २०११ मध्ये त्यांना दोषी ठरवून ‘रिब्का’ची विजेतेपदे काढून घेतली आणि त्यांच्यावर आजीवन बंदी घातली. या बंदीला नियमांचा स्पष्ट आधार नव्हता, असा निर्णय फिडेच्या नीतिविषयक आयोगाने २०१५ मध्ये दिला.

या वादातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, कल्पना घेणे आणि तिची शब्दबद्ध अभिव्यक्ती उचलणे यांतील सीमारेषा आखणे कठीण असते. दुसरी, ‘फ्रूट’चा कोड प्रसिद्ध असल्यामुळेच तुलना शक्य झाली, ‘रिब्का’चा कोड बंद असल्याने तपासणाऱ्यांना यंत्रभाषेतून उलटा माग काढावा लागला. म्हणजे ज्या खुलेपणामुळे नकलेचा धोका संभवतो, तोच खुलेपणा मूळ कर्त्याच्या बाजूने पुरावाही ठरतो.

खुलेपणाची फलश्रुती :

खुलेपणाचा लाभ ‘स्टॉकफिश’च्या वाटचालीत दिसतो. नॉर्वेच्या टॉर्ड रोमस्टाड यांनी ‘ग्लाउरुंग’ हा प्रोग्रॅम खुला ठेवला होता. त्याच्या आधारे इटलीच्या मार्को कोस्टाल्बा यांनी २००८ मध्ये ‘स्टॉकफिश’ सादर केला. येथे मूळ कर्ता वगळला गेला नाही. स्वतः रोमस्टाडही या कार्यात सहभागी झाले. २०१३ पासून ‘फिशटेस्ट’ या व्यवस्थेद्वारे स्वयंसेवक आपल्या संगणकांचा वेळ देऊ लागले व प्रत्येक प्रस्तावित बदल हजारो डावांतून पारखला जाऊ लागला. एकट्या हौशी व्यक्तीला असे परीक्षण अशक्यप्राय होते. ‘शोगी’ या जपानी खेळासाठी यू नासू यांनी २०१८ मध्ये मांडलेली न्यूरल नेटवर्कची रचनाही २०२० मध्ये ‘स्टॉकफिश’मध्ये समाविष्ट झाली.

तथापि खुलेपणा म्हणजे हक्कांचा त्याग नव्हे. जीपीएलनुसार कोड वापरून तयार केलेला प्रोग्रॅम वितरित करणाऱ्याने आपला कोडही त्याच अटींवर उपलब्ध करून देणे बंधनकारक असते. या अटींचा भंग झाल्याच्या कारणावरून ‘स्टॉकफिश’च्या कर्त्यांनी २०२१ मध्ये हॅम्बर्गच्या ‘चेसबेस’ कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली. संबंधित प्रोग्रॅमची विक्री थांबविण्याचे व मुक्त सॉफ्टवेअरच्या अटींचे पालन पाहण्यासाठी एक अधिकारी नेमण्याचे कंपनीने मान्य केले. हौशी मंडळींचा परवाना केवळ कागदावर राहत नाही, हे यावरून सिद्ध झाले.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे दिसते की, हौशी प्रोग्रॅमरने कोड खुला करणे एकंदरीत हितावह आहे. मात्र त्याला तीन गोष्टींची जोड हवी : स्पष्ट परवाना, बदलांची दिनांकवार नोंद आणि ज्यांच्याकडून काही घेतले त्यांचा नामनिर्देश. नवशिक्याने पहिला प्रोग्रॅम स्वतः लिहून मगच इतरांचे कोड अभ्यासावेत. अन्यथा तयार उत्तर हाती येते व शिकणे राहून जाते. संशोधन-निबंधात पूर्वसूरींचा उल्लेख जसा अनिवार्य मानला जातो, तसाच तो येथेही मानला गेला पाहिजे. खरे नुकसान श्रेय नाकारण्याने होते; त्यासाठी कोड दडवून ठेवणे हा पुरेसा उपाय ठरत नाही.