सवाब, गुनाह आणि पाहणीची फूटपट्टी

माणसाची मजुरी मोजता येते, कर्ज मोजता येते. त्याची श्रद्धा मोजता येते काय? समाजशास्त्रज्ञ म्हणतात, येते. मुसलमान समाजात दैवी बक्षीस आणि दैवी शिक्षा यांवरील विश्वास किती, हे मोजण्याचे प्रयत्न अनेक देशांत झाले आहेत. हा केवळ पंडितांचा विषय नाही. जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यांत राबणाऱ्या मुसलमान कामगारांकडे जाताना आपला कार्यकर्ता बहुधा 'हे लोक दैववादी आहेत' हा निष्कर्ष खिशात घेऊनच जातो. तो कोणत्या मापाने काढला, हे तपासले पाहिजे.

आधी श्रद्धेचे स्वरूप पाहू. प्रत्येकाचे बरेवाईट लिहून ठेवणारे दोन फरिश्ते, कयामतच्या दिवशी मीजान म्हणजे तराजू, मग जन्नत किंवा जहन्नुम, अशी ही मांडणी आहे. पण हाच अल्लाह रहमान आणि रहीम, म्हणजे दयाळूही आहे. खौफ आणि उम्मीद, भीती आणि आशा, दोन्ही श्रद्धावंताच्या मनात एकत्र नांदतात. म्हणून या दोहोंना एकच गुण देणारी प्रश्नावली मुळातच आंधळी ठरते. अझीम शरीफ आणि आरा नोरेन्झायन यांनी २०११ साली विद्यार्थ्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. ज्यांना देव शिक्षा करणारा वाटतो त्यांनी कमी लबाडी केली, ज्यांना तो दयाळू वाटतो त्यांनी अधिक. देव मानतो की नाही, एवढ्याने फरक पडला नाही. हे प्रयोग मुसलमानांपुरते नव्हते. पण भीती आणि आशा वेगळ्या मोजाव्या लागतात, हा धडा इथेही लागू पडतो. हिशाम अबू-राया आणि केनेथ पार्गामेंट यांनी २००८ साली खास मुसलमानांसाठी जे मापन तयार केले, त्यात 'माझे संकट ही अल्लाहची शिक्षा आहे' असे मानण्याचा भाग वेगळा ठेवला, तो यासाठीच.

दुसरी अडचण आम्हां शिक्षकांच्या ओळखीची आहे. ज्या प्रश्नपत्रिकेत सगळ्यांनाच पैकीच्या पैकी गुण मिळतात, ती काहीच मोजत नाही. आखिरतवरचा विश्वास हा ईमानचाच भाग आहे. 'जन्नत मानता का?' या प्रश्नाला 'नाही' म्हणणे म्हणजे जमातीबाहेर पाऊल टाकणे. मग 'हो' हे उत्तर श्रद्धेचे की सभासदत्वाचे, हे कसे ओळखणार? त्यातून प्रश्न छापील मराठीत, उत्तर देणाऱ्याच्या घरची बोली दखनी, विचारणारा परक्या नावाचा आणि शेजारी मुकादम उभा! अशा ठिकाणी माणूस मन उघडत नाही, तो सुरक्षित उत्तर देतो.

शब्दांचा घोळ किती होतो, याचे उदाहरण मोठ्या पाहणीतच सापडते. प्यू संशोधन केंद्राने २०१९-२० मध्ये भारतातील सुमारे ३०,००० प्रौढांना विचारले. २०२१ च्या अहवालानुसार कर्मावर विश्वास असलेले हिंदू ७७ टक्के आणि मुसलमानही ७७ टक्केच! पण पुनर्जन्म मानणारे मुसलमान फक्त २७ टक्के. म्हणजे किमान निम्म्या मुसलमानांना 'कर्म' या शब्दाचा अर्थ मागच्या जन्माचा भोग असा अभिप्रेत नाही. करावे तसे भरावे, एवढाच बहुधा आहे. शब्द एक, आशय दोन. आपल्याला हा भेद नीट कळायला हवा. पूर्वजन्मीच्या कर्माने दारिद्र्य येते, या मताचा उपयोग राज्याला व समाजाला जबाबदारीतून सोडवण्यासाठीच होतो, हे बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात दाखवून दिले आहे.

आता भट्टीपाशी येऊ. भंगारात ओलावा असला किंवा एखादा बंद डबा राहिला, की वितळलेल्या लोखंडात स्फोट होतो. भाजलेला कामगार 'अल्लाह की मर्जी' म्हणतो. पाहणीवाला त्याला दैववादी ठरवतो, आणि ठेकेदाराला तेच हवे असते. पण पुढचा प्रश्न कुणी विचारतच नाही: भंगार न तपासता भट्टीत टाकायला लावणाऱ्याचा गुनाह कोणता? त्याचा हिशेब वर होईल, इथे व्हावा, की दोन्हीकडे? इस्लाममध्ये हुकूकुल-इबाद, म्हणजे माणसांचे माणसांवरचे हक्क, अशी कल्पना आहे. परंपरा सांगते, की ज्याचा हक्क बुडवला त्याने माफ केल्याखेरीज किंवा त्याची भरपाई झाल्याखेरीज तो हिशेब मिटत नाही. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, ही पैगंबरांची शिकवणही प्रसिद्धच आहे. म्हणजे शिक्षेवरचा विश्वास माणसाला नेहमी गप्पच बसवतो असे नाही. तो मालकाविरुद्धचे आरोपपत्रही होऊ शकतो.

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. तोंडी तलाकाचा अन्याय त्यांनी कयामतपर्यंत तहकूब ठेवला नाही. इथल्या कायद्याकडे न्याय मागितला. परलोकातील न्याय मानणारा माणूसही इहलोकातील न्याय मागू शकतो. तेव्हा पाहणी करायचीच तर भीती आणि आशा वेगळ्या विचाराव्यात, कामगाराच्या बोलीत विचाराव्यात, मुकादमापासून दूर विचाराव्यात आणि मजुरी, व्याज, अपघात अशा नेमक्या प्रसंगांवर विचाराव्यात. श्रद्धा किती, यापेक्षा ती कुणाच्या बाजूने उभी राहते, हे मोजणे चळवळीला अधिक उपयोगाचे आहे.