किमान साडेदहा, कमाल साडेनऊ?

शाळेच्या तापमापीवर मुलांनी रोज पहाटे घेतलेल्या नोंदी आम्ही संगणकावरील एका फाइलमध्ये उतरवल्या. एका ओळीवर एकच आकडा. हिवाळ्यातला सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा शोधायचा म्हणून लिनक्सच्या शेलमध्ये 'सॉर्ट' ही आज्ञा दिली. सर्वांत वर आले १०.५ आणि सर्वांत खाली ९.५. किमान कमालपेक्षा मोठे! मुले हसली, आम्ही जरा खजील झालो.

यंत्र चुकले नव्हते. शब्दकोशात शब्द लावतात तसे त्याने आकडे डावीकडून एकेक चिन्ह पाहून लावले. १ हे चिन्ह ८ आणि ९ यांच्या आधीचे, म्हणून १०.५ व १२ वर आणि ८ व ९.५ खाली. आज्ञेपुढे उणे चिन्ह व 'एन' हे अक्षर लिहिले की आकडे किमतीप्रमाणे लागतात. मग 'हेड'ने पहिली ओळ घ्यावी, 'टेल'ने शेवटची. (आकडे देवनागरीत टंकले असतील तर मात्र तिला ते संख्या वाटतच नाहीत. आणि सुटीच्या दिवसाची रिकामी ओळ ती शून्य धरते!)

पण दोन टोकांसाठी सगळी रांग कशाला लावायची? फाइल एकदाच वाचत जावे, आतापर्यंतचा लहान व मोठा आकडा हाताशी ठेवावा, नवा आकडा त्यांच्याशी ताडून पाहावा. 'ऑक' या भाषेत हे दोन-तीन ओळींत होते. आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन यांनी ती १९७७ साली बेल प्रयोगशाळेत तयार केली; नाव त्यांच्याच आद्याक्षरांचे. येथेही एक खड्डा आहे. सुरुवातीला हाताशी काय धरायचे हे सांगितले नाही तर ऑक शून्य धरते. आमचे सगळे आकडे शून्यावरचे, त्यामुळे किमान शून्यच राहते. लेहच्या जानेवारीतील पहाटेचे आकडे शून्याखालचे असले, तर कमाल शून्य राहील. म्हणून सुरुवात फाइलमधल्या पहिल्या आकड्यानेच करावी.

अशा रीतीने ३६५ आकड्यांसाठी ७२८ तुलना लागतात. पहिला आकडा बाजूला ठेवून उरलेल्यांच्या १८२ जोड्या केल्या, जोडीतला लहान फक्त किमानशी व मोठा फक्त कमालशी ताडला, तर ५४६ पुरतात. वर्गात हे आधी सांगू नका. पंधरा चिठ्ठ्या वाटा आणि तुलना मुलांनाच मोजू द्या.