पांदणीतली तिसरी रेघ

भाऊबीज उलटली की गोंदिया जिल्ह्यातल्या पांदणी, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या गाडीवाटा, वाळू लागतात. रोवणीपासून चिखलात बुडालेली वाट घट्ट होते आणि बैलगाड्यांनी कापलेल्या दोन चाकोऱ्या तिच्यावर उमटून राहतात. दोन चाकोऱ्यांच्या मध्ये गवताचा उंचवटा असतो. खाली वाकून पाहिलं तर त्या उंचवट्यावर दोन बोटं रुंदीची, घासून गुळगुळीत झालेली तिसरी रेघ दिसते. ती सायकलची. शाळेला जाणाऱ्या पोरी, दुधाचे कॅन लावलेले गवळी, धान कापायला निघालेले मजूर अशा सगळ्यांच्या चाकांनी मिळून ती ओढलेली असते. हा लेख त्या रेघेबद्दल आहे.

नवेगावबांधहून अर्जुनी-मोरगावच्या दिशेने डांबरी रस्ता टाळून सायकलवर निघालं की जिल्ह्याचा खरा चेहरा दिसतो. इथे सह्याद्रीसारखे कडे नाहीत. जमीन हलके उठते, हलके उतरते. चढावर मोह, तेंदू, साग, उतारावर बोडी, म्हणजे लहान तळं, तिच्याखाली पायऱ्यांसारख्या उतरत गेलेल्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं. कापलेल्या हलक्या धानाच्या कडपा पडलेल्या असतात, भारी धान अजून उभं असतं. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, सायकल हातात धरून चालत असताना बांधीतला म्हातारा विळा थांबवून विचारतो, "कोठं चालले जी?" आपण गावाचं नाव सांगतो. मग तो रस्ता सांगतो, आणि कुठली पांदण बंद झाली तेही सांगतो. हा दुसरा भाग तो न विचारताच सांगतो, कारण ती त्याची रोजची अडचण आहे.

चाकाला कळणारी माती

इथल्या शेतकऱ्याने मातीला दिलेली नावं सायकलस्वाराने आधी शिकावीत. कन्हार म्हणजे काळी, चिकट. पावसाच्या एका सरीनंतर ती चाक आणि फोर्क यांच्यामध्ये अशी भरते की चाक फिरायचं थांबतं, आणि काडीने माती खरवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मोरांड तिच्याहून मोकळी. सिहार पिवळसर, रेताड, धानाला मानवणारी. वाळली की तिच्यावर सायकल आवाज न करता पळते. बर्डी लालसर, मुरमाड. उतारावर तिचे खडे चाकाखालून सटकतात, म्हणून तिथे पुढचा ब्रेक जपून दाबावा लागतो. शेतसाऱ्यासाठी जमिनीची प्रत ठरवताना वापरली गेलेली ही नावं चाकालाही तितकीच लागू पडतात.

आपल्या साध्या काळ्या सायकलचा टायर दीड इंच रुंद असतो, माउंटन बाइकचा दोन इंचांहून जाड. जाड टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवता येते, तो मातीवर पसरतो आणि पकड घेतो. हे सगळं शक्य झालं ते जॉन बॉइड डनलॉपने १८८८ साली हवेच्या टायरचं पेटंट घेतल्यापासून. पुढे १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मॅरिन परगण्यात काही तरुणांनी जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरउतारावर पळवल्या, दुरुस्त केल्या, आणि त्यातून माउंटन बाइक जन्माला आली. पण डांबर सोडून सायकल हाकण्याची हौस त्याहून जुनी आहे. इंग्लंडमध्ये १९५५ साली 'रफ स्टफ फेलोशिप' ही मंडळी खास खडबडीत वाटांसाठीच एकत्र आली होती.

इंग्लंडची वाट, आपली वाट

टेकड्या, कुरणं आणि गावांतून सायकलवर फिरण्यासाठी इंग्लंडचं नाव जगभर घेतलं जातं. त्यामागे निसर्ग आहे, तसाच कायदाही आहे. १९४९च्या कायद्याने तिथल्या काउंटी कौन्सिलांवर सार्वजनिक वाटांचे अधिकृत नकाशे तयार करण्याची जबाबदारी टाकली. १९६८च्या कायद्याने घोडेवाटांवर सायकल चालवण्याचा हक्क दिला, आणि त्याच दमात सायकलस्वाराने चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यावी अशी अटही घातली. विंचेस्टरपासून ईस्टबोर्नपर्यंत सुमारे १६० किलोमीटर जाणारा साउथ डाउन्स वे आज सायकलवर पार करता येतो तो या हक्कामुळे. वाट खासगी शेतातून जाते, पण जाण्याचा हक्क सर्वांचा.

आपल्याकडे असं काही नाही, असं समजण्याचं कारण नाही. गोंदिया १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला जिल्हा. त्याआधीचा इतिहास मध्य प्रांताचा आणि मालगुजारीचा, म्हणजे इथल्या जमीनदारीचा. १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपली, पण गावाच्या वहिवाटी संपल्या नाहीत. निस्तार पत्रकात चराई आणि जळणाच्या गावकीच्या सोयी नोंदवल्या जातात. वाजिब-उल-अर्ज या दस्तऐवजात तर पाण्याच्या हक्कासोबत वाटेची वहिवाटही नोंदवायची असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधल्या कलम १६५ मध्ये ती तरतूद आजही आहे. कलम १४३ नुसार तहसीलदार बांधावरून रस्ता देऊ शकतो, आणि अडवलेली वहिवाटीची वाट मोकळी करण्यासाठी १९०६चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. २०२१ साली शासनाने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली, ती याच वाटा बारमाही करण्यासाठी.

म्हणजे हक्क कागदावर आहे, पण वाट जमिनीवर आक्रसत चालली आहे. दरवर्षी नांगराचं एक तास पांदणीत सरकतं. दहा वर्षांत गाडीवाटेची पायवाट होते आणि विसाव्या वर्षी तिच्यावर धान उभं राहतं. जिथे रोज कुणीतरी जातं, तिथे नांगर सरकत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की वाट वापराने जिवंत राहते आणि सायकल हा तिचा सर्वांत हलका, सर्वांत नियमित वापर आहे.

पाळीवरून

पांदण बहुतेक वेळा तुम्हाला तलावाच्या पाळीवर आणून सोडते. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने पूर्व विदर्भात हजारो तलाव बांधले. पाणी शेतात सोडायला तुडूम, जादा पाणी वाहून जायला सलंग, पुढे पाट. ही रचना आजही ओळखू येते. नवेगावचा सुमारे ११ चौरस किलोमीटरचा जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं परंपरा सांगते. या तलावाच्या काठी मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून वर्षं काढली आणि मराठीला पाखरांची आणि रानाची भाषा दिली. पाळीवर सायकल उभी करून पाहिलं की एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला त्या पाण्यावर जगणाऱ्या बांध्या एकाच नजरेत येतात.

याच बांध्यांमध्ये सारसाची जोडी पावसाळ्यात घरटं करते. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यत्वे गोंदियात. घरट्याजवळून जाताना थांबू नये, मोबाइल घेऊन पुढे सरकू नये. जोडी उठली की अंडी उघडी पडतात. तसंच नवेगाव-नागझिरा हा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. जंगल फाटकापाशी सुरू होतं आणि सायकल तिथेच वळवायची असते. बैलगाडी समोरून आली तर आपण धुऱ्यावर चढावं, गुरं आली तर उतरून उभं राहावं. इंग्लंडच्या कायद्याने १९६८ साली घातलेली अट इथे रिवाज म्हणून आधीपासून आहे.

तिसरी रेघ कुणाची

बाहेरून हौसेने येणारे सायकलस्वार वाढावेत असं मला वाटतं. मंडईचे दिवस त्यासाठी उत्तम: दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, रात्री दंडार हे लोकनाट्य रंगतं, वाटा कोरड्या असतात. पण या वाटांवरचे पहिले सायकलस्वार आपण नव्हे, हे पाहुण्यांनी ध्यानात ठेवावं. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. ज्या गावाला एसटी जात नाही, तिथली मुलगी त्या सायकलीवर शाळा गाठते.

अर्जुनीकडच्या एका पांदणीत संध्याकाळी मी त्यांना पाहिलं. पाच-सहा जणी, एकामागे एक, दप्तर कॅरिअरला बांधलेलं. पुढे एका शेतकऱ्याने वाटेत काटेरी कुंपण ओढलं होतं. पहिली मुलगी उतरली, तिने कुंपणाची सैल फांदी उचलून धरली, बाकीच्या खालून सायकली काढून गेल्या, मग तिने फांदी होती तशी ठेवली. कुणी काही बोललं नाही, रोजचंच असावं. मी मागे राहून पाहिलं, तर कुंपणाच्या अलीकडे आणि पलीकडे, गवताच्या उंचवट्यावर, ती दोन बोटांची रेघ न तुटता पुढे गेली होती.