अग्रहक्क आणि रस्त्याची रचना

नेदरलँड्समध्ये चिन्हविरहित चौकात उजवीकडून येणाऱ्या वाहनास अग्रहक्क असतो. परंतु १ मे २००१ पर्यंत मोटारीपुढे सायकलस्वारास तो नव्हता. हा अन्याय्य भेद त्या दिवशी संपला. तथापि नियम पाळला जावा, यासाठी तो रस्त्यावरच वाचता यावा लागतो. ज्याने वाट द्यावयाची, त्याच्याकडे टोके रोखलेल्या पांढऱ्या त्रिकोणांची रांग तेथे आखतात. तिला ‘शार्कचे दात’ असे समर्पक नाव आहे. याहून परिणामकारक रचना म्हणजे आडरस्त्याच्या तोंडावरून उंची न सोडता सलग जाणारा तांबडा सायकलमार्ग. मोटारीस तो चढून ओलांडावा लागतो. वेग मंदावतो आणि पाटीवाचूनही वाट देणे तिच्याकडेच येते. ही रचना अपुरी राहिल्यास मात्र ती जागा सामान्य चौक ठरून उजवीकडच्याचा नियम पुन्हा लागू होतो.