चार वर्षांचं मूल ‘बेसूर’ का गातं? उत्तर त्याच्या गळ्यात नाही, वयात आहे

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोस्टर फिरायला लागतात. तबला, कीबोर्ड, गाणं, ‘वय वर्षे ३ पासून’. आईबाबा फी भरतात, छोटीशी पेटी घेतात आणि दोन महिन्यांनी घरात एक वाक्य ऐकू येतं, “हिला सूर नाहीये बहुतेक.”

हे वाक्य लय वाईट आहे. कारण चौथ्या वर्षी ऐकलेलं हे वाक्य अनेक जण चाळिशीतही खरं मानून बसलेले असतात.

तर मुद्दा असा आहे की लहान मुलाचं ऐकणं, हलणं, गाणं आणि समजणं या चार गोष्टी एकाच वेळी तयार होत नाहीत. सगळ्यात आधी येतं ऐकणं. आईच्या पोटातच, साधारण सहाव्या-सातव्या महिन्यात बाळाला आवाज ऐकू यायला लागतात. २००९ साली हंगेरीतल्या इश्तवान विंकलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवजात बाळांना ड्रमचा ठेका ऐकवला आणि मध्येच ठेक्याचा मुख्य आघात गाळला. झोपलेल्या बाळांच्या मेंदूनेही ‘काहीतरी चुकलं’ हे टिपलं.

याहून भारी प्रयोग २००५ चा. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांनी उत्तर अमेरिकेतल्या बाळांना बाल्कन देशांतले असमान विभागांचे ताल ऐकवले. आपला ७ मात्रांचा रूपक कसा ३-२-२ असा चालतो, त्याच जातीचे ताल. पाश्चात्त्य संगीतात वाढलेल्या मोठ्यांना त्यातली चूक नीट कळत नाही. सहा महिन्यांच्या बाळांना मात्र कळते. वर्षाची झाली की त्यांचीही ही क्षमता ओसरते. पण दोन आठवडे घरी तसं संगीत ऐकवलं की ती परत येते. मोठ्यांना मात्र तेवढ्याने ती परत मिळाली नाही.

म्हणजे पहिल्या वर्षाचा ‘क्लास’ कुठला? कानावर वेगवेगळं पडणं. अंगाई, अभंग, ढोल-ताशा लांबून, रेडिओ, काहीही.

(इथे कुणीतरी मोझार्ट काढणारच. १९९३ चा तो गाजलेला प्रयोग बाळांवर नव्हता, कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर होता आणि त्यांना झालेला फायदाही काही मिनिटांपुरताच होता. तरी १९९८ मध्ये जॉर्जियाच्या गव्हर्नरने प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीत देण्यासाठी सरकारी पैसे मागितले होते!)

पुढे शरीर. वर्ष-दीड वर्षाचं पोर गाणं लागलं की डोलतं, पण ठेक्यात नाही. ठेका धरणं अडीच-तीनच्या पुढे जमू लागतं. त्यातही गंमत आहे. २००९ मध्ये किर्शनर आणि टोमासेलो यांना दिसलं की समोर माणूस ड्रम वाजवत असेल तर लहान मुलं मशीनपेक्षा त्याच्याशी जास्त चांगलं जुळवून घेतात. बालवाडीतल्या बाई टाळ्या वाजवत अभिनयगीत घेतात, ते मोबाईलवरच्या व्हिडिओपेक्षा का चालतं, त्याचं हे एक कारण.

आता सूर. तीन-चार वर्षांच्या मुलाचा आरामात गाता येणारा पल्ला जेमतेम पाच-सहा सुरांचा असतो. आपण त्याला सिनेमातलं दीड-दोन सप्तकांचं गाणं देतो, तेही आपल्या पट्टीत. मग ते शब्द पकडतं, लय पकडतं, चढ-उताराचा अंदाज घेतं आणि सूर सुटतो. बहुतेक मुलांचा गाण्याचा क्रमच असा असतो.

हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत इथूनच सुरू होते. आधी दोनच सूर, आपल्या भाषेत प आणि त्याखालचा शुद्ध ग. मग हळूहळू सा रे ग प ध. जवळचे अर्धे स्वर गाळलेले, कारण ते लहान गळ्याला अवघड. ओळखीचं वाटलं? हे भूपाचे स्वर आहेत. आपल्याकडेही भूप सुरुवातीलाच शिकवतात.

राहिलं समजणं. जाँ पियाजे यांनी दाखवलं होतं की उंच ग्लासात ओतलेलं पाणी लहान मुलाला ‘जास्त’ वाटतं. मर्लिन फ्लेडरर यांनी १९६० च्या दशकात हेच सुरांवर करून पाहिलं. तीच चाल, फक्त लय किंवा तालाची रचना बदलली की पाच वर्षांच्या बहुतेक मुलांना ती वेगळी वाटते. आठच्या आसपासची मुलं मात्र ‘तेच आहे, फक्त बदललंय’ हे बऱ्यापैकी ओळखतात. आता पाच वर्षांच्या मुलाला ठाय आणि दुगुणीतलं नातं फळ्यावर समजावून पाहा. ते पाठ करेल, कळणार नाही. नोटेशनचंही तसंच.

म्हणून माझं मत सांगायचं तर तीन-चारच्या वयात परीक्षेची घाई करणारा क्लास टाळा. चौकशीला गेलात की फीआधी एवढंच विचारा : मुलं तासातला किती वेळ बसून असतात? किती वेळ हलतात, टाळ्या देतात, एकत्र गातात? गाणं त्यांच्या पट्टीत घेता की सरांच्या? सात-आठनंतर वाद्य, लिपी, परीक्षा सगळं झपाट्याने येतं.

आणि घरी गाताना पट्टी थोडी वर घ्या. विशेषतः बाबा लोकांनी, कारण तुमचा खर्जातला सा त्या गळ्यात नाहीच.