पोर्ट्रेट लेन्स घेताय? आधी खोली मोजा

घरातल्या आजी-आजोबांचा एकट्याचा, चेहरा नीट दिसेल असा फोटो शोधून पाहा. बऱ्याच घरांत तो सापडतच नाही. लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापलेला, नाहीतर आधार कार्डावरचा, एवढंच हाती लागतं. हौसेनं घेतलेला कॅमेरा मात्र सोबत आलेल्या १८-५५ लेन्ससकट कपाटात पडून असतो. कोणीतरी जाणकार सांगतो, "पोर्ट्रेट काढायचंय ना, मग ८५ची लेन्स घे." आपण किंमत बघतो आणि विषय तिथेच संपतो.

८५ मिमी लेन्स उत्तमच आहे, पण तो सल्ला मूळचा फुल फ्रेम कॅमेऱ्यांसाठीचा. तुमच्याकडे निकॉन डी ३५००, कॅनन १५०० डी किंवा आर ५० असा सुरुवातीचा कॅमेरा असेल, तर त्याचा सेन्सर लहान असतो आणि तो चित्राच्या कडा कापतो. त्यामुळे ५० मिमीची लेन्स निकॉनवर ७५ आणि कॅननवर ८० मिमीसारखी दिसते. म्हणजे तुम्हाला हवी ती 'पोर्ट्रेट लेन्स' ५० मिमीमध्येच मिळते, आणि एफ १.८ची ५० मिमी ही बहुतेक कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक आहे. ८५ मिमी एफ १.८ला साधारण दुपटीहून जास्त पैसे मोजावे लागतात.

आता मेजरिंग टेप काढा, कारण खरा प्रश्न जागेचा आहे. कॅमेरा उभा धरून माणूस कमरेपासून वर घ्यायचा असेल, तर लहान सेन्सरवर ५० मिमीला सुमारे साडेसहा फूट अंतर लागतं, ८५ला साडेदहा-अकरा आणि ३५ला साडेचार. पूर्ण उभा माणूस हवा असेल तर हेच आकडे सुमारे चौदा, चोवीस आणि दहा फूट होतात. तुमची खोली दहा बाय बाराची आहे असं धरा. खुर्ची भिंतीपासून तीन फूट पुढे ओढलीत, तुम्ही समोरच्या भिंतीला टेकलात, की मध्ये सात-साडेसात फूट उरतात. त्यात ५० मिमी बसते. ८५ घेतलीत, तर तुम्हाला गॅलरीत उभं राहून फोटो काढावे लागतील!

मग सरळ ३५ घेऊन जवळ का जाऊ नये? जाता येतं, पण बेतानं. चेहऱ्याचं प्रमाण लेन्स नाही, अंतर ठरवतं. दीड-दोन फुटांवरून फोटो काढला की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. मोबाइल सेल्फीतला आपला चेहरा आपल्याला अनोळखी वाटतो तो याचमुळे. पाच-सहा फुटांवरून चेहरा समोर बसून बोलताना दिसतो तसा येतो. म्हणून ३५ मिमी कमरेपर्यंतच्या फोटोला, आजीच्या मांडीवरच्या नातवाला, स्वयंपाकघरातल्या आईला छान. नुसता चेहरा भरून घ्यायला नको.

पैसे खर्च करण्याआधी एक फुकटची चाचणी करा. जुने फोटो उघडून त्यांची माहिती बघा. प्रत्येक फोटो किती मिमीवर काढलाय ते तिथे लिहिलेलं असतं. माणसांचे फोटो बहुतेक ५०-५५वर असतील तर ५० घ्या. ते ३५च्या आसपास घुटमळत असतील, तर तुमचं घर तुम्हाला ३५च घ्यायला सांगतंय.

"मग १८-५५ काय वाईट आहे?" असं कोणी विचारेल. दिवसा, खिडकीजवळ, मुळीच नाही. ती ५५वर न्या, माणसाला भिंतीपासून चार-पाच फूट पुढे बसवा. पार्श्वभूमी थोडी तरी मऊ होईल. अडचण संध्याकाळी येते. ५५वर त्या लेन्सचं तोंड एफ ५.६पर्यंतच उघडतं. एफ १.८ला त्याच्या नऊ पटींहून अधिक प्रकाश आत येतो. जिथे आयएसओ ६४०० लावून फोटो दाणेदार व्हायचा, तिथे ८०० पुरतो. माझ्या मते ही लेन्स घेण्याचं खरं कारण हेच आहे, मागची धूसर पार्श्वभूमी नंतर. धूसरपणा मोबाइलही देतो; फक्त चष्म्याची काडी, झुमके नाहीतर गजऱ्याची कड मध्येच खाऊन टाकतो.

घेताना मात्र नाव अक्षर न् अक्षर वाचा. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. '५० मिमी एफ १.८ डी' ही जुनी लेन्स स्वस्त मिळते, पण या कॅमेऱ्यांवर फोकस हातानं करावा लागतो, आणि तीन वर्षांचं मूल तेवढं थांबत नाही. तिथे 'एएफ-एस' लिहिलेली 'जी' लेन्सच हवी. ३५ मिमी एफ १.८ डीएक्सही त्याच प्रकारात मिळते. कॅननच्या डीएसएलआरला २०१५ साली आलेली ईएफ ५० मिमी एफ १.८ एसटीएम घ्या. आर मालिकेतल्या कॅमेऱ्याला तिच्यासाठी अडॅप्टर लागतो. त्याचा खर्च धरून २०२०ची आरएफ ५० मिमी एफ १.८ किती महाग पडते ते बघा, कारण ती थेट बसते.

वापरलेली लेन्स घ्यायला हरकत नाही. मुंबईत बोरा बाजार, दिल्लीत चांदनी चौकातलं कुचा चौधरी मार्केट अशा ठिकाणी स्वतःचा कॅमेरा घेऊनच जा. काचेतून मोबाइलचा टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी; कितीही स्वस्त असली तरी ठेवून या. दमट हवेच्या गावांत हे हमखास आढळतं. धुळीच्या दोन-चार कणांनी मात्र काही बिघडत नाही. मग लेन्स लावून जवळ-लांब दहा-बारा फोटो काढा, फोकस नीट बसतो का ते स्क्रीनवर मोठं करून पाहा.

लेन्स घरी आली की सगळे पहिल्यांदा सगळंच एफ १.८वर काढतात. साडेसहा फुटांवर या लेन्सची स्पष्ट पट्टी जेमतेम अकरा-बारा सेंटीमीटरची असते. तीन-सव्वातीन फुटांवर ती तीन सेंटीमीटरच्याही आत येते. एक डोळा स्पष्ट, दुसरा पुसट! एकट्या माणसाला एफ २.८, दोघांना एफ ४ ठेवा आणि दोघांचे चेहरे एका रेषेत आणा. फोकस नेहमी जवळच्या डोळ्यावर. शटर १/१२५, मुलांसाठी १/२५०.

आजोबांना खिडकीच्या बाजूला, उजेड तिरका पडेल असं बसवा. चष्म्यात खिडकी चमकत असेल तर हनुवटी जराशी खाली घ्यायला सांगा. 'हसा' म्हणू नका. त्यांची पहिली नोकरी कुठे होती ते विचारा, आणि ते सांगायला लागले की बटण दाबा.