उतरत्या विमानाचा आवाज आणि संगणकाचे गणित

पांढरकवड्याहून नागपूर-हैदराबाद महामार्गाने जाताना वारा सुटला म्हणजे रस्त्याकडेच्या तारा गुणगुणू लागतात. ज्वारीच्या राखणीसाठी फिरविलेली गोफणही अशीच घुमते. तारेला ओलांडणारी हवा तिच्यामागे एकदा वरून, एकदा खालून भोवरे सोडीत जाते. त्यांच्या तालावर हवेचा दाब बदलतो व तोच ध्वनी म्हणून ऐकू येतो. श्ट्रोहल या शास्त्रज्ञाने १८७८ साली त्याचा नियम मांडला : वेग वाढला की सूर चढतो, तार जाड झाली की उतरतो.

विमानाच्या चाकांच्या सांगाड्याचे, म्हणजेच लँडिंग गिअरचे, तत्त्व हेच होय. उतरताना इंजिनांचा जोर कमी केलेला असतो. त्यामुळे चाके, दांडे व नळ्या यांच्यावरून ताशी सुमारे २५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या हवेचा आवाज इंजिनाच्या बरोबरीला येतो. या वेगाला १० सेंटिमीटर जाडीचा दांडा सेकंदाला सुमारे १४० कंपने निर्माण करतो, तर १ सेंटिमीटरची नळी १,४००. वेग दुप्पट झाल्यास अशा ध्वनीची शक्ती सुमारे ६४ पट होते. मुंबईत घाटकोपर-कुर्ल्याच्या दाट वस्तीवरून विमाने उतरतात. तेथील रहिवाशांना हे गणित रोज ऐकावे लागते.

प्रत्येक नवा आराखडा प्रत्यक्ष उडवून पाहणे खर्चिक असते. म्हणून सांगाड्याभोवतीच्या हवेचे संगणकात कोट्यवधी सूक्ष्म घरांत विभाजन करतात आणि प्रत्येक घरातील वेग व दाब क्षणाक्षणाला मोजतात. अडचण अशी की, प्रवाहातील ऊर्जेचा अत्यल्प अंशच ध्वनी बनतो. गणितातील किरकोळ चूकही त्याला झाकून टाकते. यासाठी लाइटहिल यांच्या १९५२ मधील सिद्धान्तावर आधारलेले, १९६९ मध्ये फॉक्स विल्यम्स व हॉकिंग्ज यांनी मांडलेले समीकरण वापरतात. सांगाड्याजवळील दाबावरून दूर जमिनीवरचा आवाज त्याने काढता येतो. हे उत्तर वातबोगद्यातील मोजमापांशी ताडून पाहिले जाते.

अशा गणितांना प्रचंड संगणकशक्ती लागते. बंगळूर येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९८६ साली ‘फ्लोसॉल्व्हर’ हा समांतर संगणक तयार झाला, तो प्रवाहांच्या गणितासाठीच. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ सिद्ध केला. त्या कार्याचे नेतृत्व करणारे डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे सुपुत्र होत.

अमेरिकेच्या ‘नासा’ने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या उड्डाण-चाचण्यांत चाकांच्या सांगाड्यावर सच्छिद्र आवरणे बसविली होती. पंखांवरील इतर सुधारणांच्या जोडीने, उतरताना विमानाच्या सांगाड्यापासून होणारा आवाज ७० टक्क्यांहून अधिक घटला.

तथापि, यंत्र कितीही शांत झाले तरी शाळा व रुग्णालये विमानांच्या उतरण्याच्या मार्गाखाली न बांधण्याची दक्षता ही नियोजनकर्त्यांचीच जबाबदारी राहील. आवाज किती व कोठवर पोहोचेल, हे आता विटा रचण्यापूर्वीच कळू शकते. त्या ज्ञानाचा वेळीच उपयोग करणे आपल्या हाती आहे.